तेवीस दिवसांची खेळी

पंधरा दिवसांसाठी आलेला पाहुणा किती दिवस राहतो? व्यवहारी माणूस म्हणेल, वीस. पोळलेला माणूस म्हणेल, महिना. माझा मेहुणा सात वर्षं राहिला. आणि त्या सात वर्षांत एक दिवस असा उगवला नाही की तो सकाळी तोंड धुताना म्हणाला नाही, "दाजी, आता फार तर पंधरा दिवस हं."

वय बेचाळीस. बहीण त्याला अजून छोटू म्हणते. मी राजे म्हणतो, आणि का म्हणतो ते आता सांगतोच.

राजे पोटापाण्यासाठी माहितीपुस्तिका लिहीत. कपडे धुवायचं यंत्र घेतलंत की खोक्यात एक घडीची पुस्तिका निघते ना, जी आपण न वाचता टाकून देतो, ती हा लिहायचा. जगात ती वाचणाराही हा एकटाच. घरात साधा टॉर्च आणला तरी पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून झाल्याशिवाय तो बटण दाबत नसे. एकदा वीज गेली होती तेव्हा त्याने टॉर्चची पुस्तिका वाचायला माझ्याकडे मेणबत्ती मागितली. खोटं वाटत असेल तर माझ्या बायकोला विचारा. ती तर म्हणते दोन मेणबत्त्या मागितल्या.

पण पुस्तिका हे झालं पोट. जीव होता तो 'राज्यविस्तार'मध्ये.

'राज्यविस्तार' हा कॉम्प्युटरवरचा खेळ. धडाधड गोळ्या झाडायचा नव्हे. यात म्हणे डोकं लागतं. एक गाव घ्यायचं, विहीर खणायची, शेतं काढायची, तट बांधायचे, सैन्य उभं करायचं, शेजारच्या राजाशी तह करायचा आणि तो गाफील झाला की तह मोडायचा. थोडक्यात आमच्या इमारतीच्या कमिटीसारखंच, फक्त हत्ती जास्त. याचे चार भाग येऊन गेले होते आणि पाचवा येणार होता. आमच्या राजांचं मत असं की पाचवा भाग हाती येण्याआधी पहिले चारही ओळीने पुन्हा खेळून काढले पाहिजेत. "पाया कच्चा राहिला तर वरचा मजला काय कळणार, दाजी?" त्याच्या इमारतीत तेव्हा भिंती फोडण्याचं काम चाललं होतं. त्या आवाजात साम्राज्य उभं राहीना. म्हणून पंधरा दिवसांसाठी आमच्याकडे. पाचवा भाग आला की तो जाणार, असा स्पष्ट करार.

मी आपला हो म्हणालो. पंधरा दिवस म्हणजे काय, एक सर्दी जायला तेवढे लागतात.

पण पाचवा भाग येईना. कंपनी दर काही महिन्यांनी जाहीर करायची, "आमच्या चाहत्यांच्या अपेक्षांना न्याय देण्यासाठी आम्हाला थोडा अधिक वेळ हवा आहे." हे वाचून राजांचे डोळे भरून येत. "बघा दाजी, किती काळजी आहे त्यांना आपली!" आणि तारीख पुढे गेली की मधल्या काळात आधीची उजळणी शिळी होणार, म्हणून पुन्हा पहिल्या भागापासून सुरुवात. पहिल्या भागातले सैनिक मुंगीएवढे. मुंगी तरी चालताना पाय हलवते, हे नुसते सरकायचे. दुसऱ्या भागात मुंग्यांना घोडे मिळाले. तिसऱ्या भागात प्रजेला राग यायला लागला. आणि चौथा भाग तर इतका टाकाऊ होता की तो किती टाकाऊ आहे हे सिद्ध करायला राजांनी तो अकरा वेळा पूर्ण खेळला. बाराव्यांदा त्याला त्यात आणखी एक दोष सापडला तेव्हा त्याने आम्हा सगळ्यांना बर्फी दिल्यासारख्या चेहऱ्याने ती बातमी दिली.

एवढं सगळं चालायचं कुठे, तर माझ्या खोलीत.

मी बाइंडर. पुस्तकं बांधणारा. चाळीस वर्षं हातशिलाईने पुस्तकं बांधली; आठ वर्षांपूर्वी दुकान बंद केलं आणि सामान घरी मागच्या खोलीत आणून लावलं. उत्तरेची खिडकी, दिवसभर एकसारखा उजेड, आणि खोलीच्या मधोमध माझा शिकंजा. शिकंजा म्हणजे दोन जाडजूड लोखंडी पाट्या आणि वर फिरवायचं चाक. शिवलेलं, खळ लावलेलं पुस्तक त्यात आवळून ठेवलं की ते जन्मभर मान टाकत नाही. वजन इतकं की तो जमिनीत बोल्ट मारूनच बसवावा लागला, आणि बसवताना खालच्या मजल्यावरचा डॉक्टर आपला पेशंट तसाच टाकून जिन्यात पळाला होता. या शिकंज्यावर राजांनी आपला कॉम्प्युटर ठेवला. "उंची अगदी बरोबर आहे, दाजी." तो कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की बटण दाबून माणूस दाढीला गेला तर खेळ सुरू होईपर्यंत पुन्हा खुंट दिसायला लागायचे.

सात वर्षं मी गप्प बसलो. बायकोचा भाऊ म्हणजे नाजूक जागेवरचं गळू. दाबताही येत नाही, कापताही येत नाही. पण यंदा गावातल्या ग्रंथालयाचं छप्पर गळलं, आणि माझं घोडं अडलं.

ग्रंथपाल बाई स्वतः आल्या. चष्मा कपाळावर, हातात एक भिजून फुगलेला शब्दकोश. "एकशे चाळीस पुस्तकं आहेत अशी. शिलाया सुटल्यात. कमिटीतल्या लोकांचं म्हणणं, मशीनवर पाठवा."

"मशीनवर?" मी बाईंच्या हातातला शब्दकोश काढूनच घेतला. मशीनवाला काय करतो ठाऊक आहे? पुस्तकाचा कणाच कापून टाकतो, सुट्या पानांना डिंक फासतो आणि चिकटवतो. आतल्या बाजूचे शब्द डिंकात बुडतात. दोन वर्षांत पानं पानगळीसारखी झडतात.

"मी भांडून एक महिना मागून घेतलाय," बाई म्हणाल्या. "महिनाअखेर कमिटी बसेल. तेवढ्यात तुम्ही एकशे चाळीस हाताने बांधून दिलीत, तर पुढचंही सगळं काम तुमच्याकडे. नाही दिलीत, तर ही पण मशीनवर आणि पुढची पण. आणि स्पष्ट सांगते, त्यांना वाटतं तुम्ही आता म्हातारे झालात."

म्हातारा! एकाहत्तर म्हणजे काय वय आहे?

दुसऱ्या दिवशी पुस्तकं आली. सोफ्यावर, पलंगाखाली, चपलांच्या कपाटात, सगळीकडे पुस्तकं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी शिलाई सुरू केली. तिसऱ्या दिवशी बायकोने माझ्या चहाच्या कपात खळीचा ब्रश बघितला आणि खळीच्या भांड्यात चहाचा चमचा, आणि म्हणाली, "टेबल माझं आहे. खोली तुमची आहे. जिचं तिचं आणि ज्याचं त्याचं."

"खोलीत तुझा भाऊ आहे."

"मग त्याला सांगा. सात वर्षं मला टोमणे मारताय, एकदा त्यालाच मारून बघा."

गेलो. राजे तिसऱ्या भागात होते. प्रजेला राग आला होता.

"राजे," मी म्हणालो, "महिनाभर खोली हवी. शिकंजा जमिनीत ठोकलाय, तो बाहेर येऊ शकत नाही. तू येऊ शकतोस."

"दाजी, मी मध्यावर आहे. आत्ता सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि पुढच्या महिन्यात पाचवा भाग येतोच आहे."

"हे तू कधीपासून ऐकवतोयस?"

"या वेळी नक्की आहे. त्यांनी 'नक्की' हा शब्द वापरलाय."

"एकशे चाळीस पुस्तकं मशीनवर जातील रे!"

तो खरंच विचारात पडला. वाईट माणूस नाही तो. वाईट असता तर सात वर्षांपूर्वीच हाकलला असता. पण त्याच्या डोक्यात विचार जायला एकच दरवाजा, आणि त्यावर पाटी 'राज्यविस्तार'.

"असा प्रदेशाचा वाद सोडवायचा एकच सभ्य मार्ग आहे," तो म्हणाला. "लढू. दुसरा भाग दोघांना खेळता येतो. तुम्ही जिंकलात तर मी त्याच दिवशी खोली सोडतो. मी जिंकलो तर खोली कायमची माझी, पुन्हा विषय काढायचा नाही."

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याने मला उंटावर चढायचं आव्हान दिलं. मी आयुष्यात फक्त सापशिडी खेळलो होतो, तीही नातीशी, आणि तीही फसवून. पण दुसरा रस्ता दिसेना. हो म्हणालो.

राजांनी दुसऱ्या भागाची जुनी पुस्तिका कपाटातून काढली, तिच्यावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली आणि उभं राहून मला नियम वाचून दाखवले. कॉम्प्युटर एकच, त्यामुळे आळीपाळीने खेळायचं. मी माझी खेळी करायची, म्हणजे शेतं, सैन्य, काय ते हलवायचं आणि 'खेळी समाप्त' असं बटण दाबायचं. मग पडद्यावर त्याचं राज्य दिसणार आणि माझं झाकलं जाणार. मग त्याची खेळी.

"आणि हा सर्वांत महत्त्वाचा," तो आवाज खाली आणून म्हणाला. "'एका खेळाडूची खेळी चालू असताना दुसऱ्याने खोलीबाहेर जावे.' शत्रूचं राज्य बघायचं नाही, दाजी. डोकावायचं नाही. बटण दाबल्याची हाक येईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. शब्द द्या."

"दिला."

"माझाही दिला." आणि त्याने पुस्तिकेवर हात ठेवला.

लढाई सुरू झाली. पहिले दोन दिवस माझी खेळी दहा मिनिटांची, त्याची दीड तासाची. तो आत बसायचा आणि मी बाहेर चपलांच्या कपाटाशेजारी बसून शब्दकोश शिवायचो. माझं राज्य म्हणाल तर दोन गावं, सोळा घोडेस्वार आणि एक जहाज. गावाला समुद्र नव्हता. जहाज विहिरीशेजारी उभं होतं. ते कसं बांधलं गेलं हे मला आजही सांगता येणार नाही. त्याच्या राज्याचं मला दिसायचं ते एवढंच: सरहद्दीवर तट. खेळीगणिक उंच होणारा, दगडी, तिपदरी तट. त्यापलीकडे सगळं काळं. सात वर्षांचा मुरलेला सेनापती त्या अंधारात काय काय उभं करत असेल या विचाराने मला घाम फुटायचा. माझे सोळा घोडेस्वार त्या तटाकडे तोंड करून उभे होते आणि त्यांनाही फुटत असावा.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझी खेळी होती. राजे बाहेर गेले, दार लागलं. मी पडद्याकडे बघत बसलो. काय करावं सुचेना. आणि काही सुचत नसलं की माझे हात आपोआप काम शोधतात. मी कॉम्प्युटर उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, तार पुरली. शिवून तयार असलेला शब्दकोश सहज शिकंज्यात घातला आणि चाक फिरवलं. सात वर्षांनी ते चाक कुरकुरलं. मग म्हटलं एक आणखी घालू. खळ लावली. पुठ्ठा कापला. उत्तरेचा उजेड शिकंज्यावर आला होता.

बाहेरून हाक आली. "दाजी, झालं का?"

"विचार चालू आहे," मी म्हणालो. आणि ते खरंच होतं, फक्त विचार वेगळा होता.

तासाभराने पुन्हा. "दाजी?"

"नाजूक जागा आहे रे. घाई नको करूस."

"नाही नाही, घ्या वेळ," तो आदराने म्हणाला. समोरचा विचार करतोय म्हणजे आपण धोकादायक आहोत, हे त्याला फार सुखावत असणार.

आणि तेव्हा, हातात सुई, दातांत दोरा अशा अवस्थेत माझ्या डोक्यात उजेड पडला. जोवर माझी खेळी चालू आहे, तोवर राजे उंबऱ्याबाहेर. आणि खेळी किती वेळाची असावी, हे त्या पुस्तिकेत लिहिलेलंच नव्हतं. मी तीन वेळा वाचली. शेवटी तर छापखान्याचा पत्ता सुद्धा वाचला.

मी बायकोला हळूच हाक मारली. "ती सोफ्यावरची तीस पुस्तकं आत आण."

ती दारात उभी राहिली, शिकंज्याकडे बघितलं, खिडकीतल्या कॉम्प्युटरकडे बघितलं. "तुम्ही वकिलाच्या पोटी जन्मायला हवं होतं," ती म्हणाली, आणि पुस्तकं आणायला गेली. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली. एवढं कौतुक पहिल्यांदाच.

आता राजांची दिनचर्या ऐका. कपडे खोलीत, कॉम्प्युटर खोलीत, चारही जुने भाग खोलीत. सात वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याकडे उजळणी करायला काही उरलं नाही. शर्ट हवा असला की तो डोळ्यांवर टॉवेल घट्ट बांधायचा, त्यावर हात धरायचा, आणि बहीण त्याला दंडाला धरून आत आणायची.

"छोटू, डावीकडे. अरे डावीकडे! तिथे हात कशाला लावतोस, खळ आहे ती."

"मला काही दिसत नाहीये, दाजी, काळजी करू नका. नकाशा उघडा असला तरी चालेल."

"दिसत नाही ना नक्की?"

"शब्द म्हणजे शब्द. पण वास कसला येतोय?"

"युद्धाचा."

"आणि काल ठोकाठोक कसली चालली होती?"

"तयारी."

तो मूर्ख नव्हता. सोफ्यावरची पुस्तकं नाहीशी होताना त्याला दिसत होती. बांधून तयार झालेली बाहेर येताना तर त्यानेच दोनदा बहिणीला गठ्ठे उचलायला हात लावला. मी दाराआडून ऐकलं. बहीण त्याला म्हणाली, "तुला कळतंय ना ते आत काय करतायत?" तर म्हणतो, "ते त्यांच्या खेळीत काय करतात हा त्यांचा प्रश्न आहे, ताई. पुस्तिकेत मुदत नाही. नाही म्हणजे नाही." असे लोक असतात म्हणून जगात यंत्रं चालतात, आणि असे लोक असतात म्हणूनच माझ्यासारख्यांचंही चालतं.

खेळीच्या आठव्या दिवशी मात्र त्याचा धीर सुटला आणि त्याने निवाड्याला भूगोल मास्तरांना बोलावलं. मास्तर म्हणजे शाळेत भूगोल शिकवणारा त्याचा मित्र, पाचव्या भागाच्या वाटेवर डोळे लावून बसलेला दुसरा भक्त. याच्याकडे आठ खोल्यांचं घर, नवाकोरा कॉम्प्युटर, आणि बायको सारखी माहेरी.

"मी तटस्थ आहे," मास्तर दारातूनच म्हणाले. "मला आत यायचा अधिकार आहे."

आले आणि थबकले. मी कोपरापर्यंत खळीत. साठ पुस्तकं बांधून भिंतीला लावलेली, शिकंज्यात चार. खिडकीत कॉम्प्युटर, त्यावर माझे सोळा घोडेस्वार, जहाज, आणि वाळत घातलेला एक ब्रश.

"अहो, ही काय खेळी आहे?"

"मास्तर," मी म्हणालो, "तुमच्या काखेत तो नकाशांचा संग्रह आहे त्याची पाठ निघालीय."

त्यांनी तो मागे लपवला. "शाळेचा आहे. बारा वर्षं अशीच आहे."

"द्या इकडे. उद्या न्या. कापडी पाठ, चार टाके जास्त."

मास्तरांनी घोडेस्वारांकडे बघितलं. मग नकाशांकडे बघितलं. मग बाहेर जाऊन घसा साफ केला आणि म्हणाले, "राजे, मी बरेच खेळाडू पाहिले. पण इतका खोल विचार मी आजवर पाहिलेला नाही. त्यांना अडवू नका."

राजे आणखी घाबरले आणि आणखी आदराने बाहेर बसले. जेवणाच्या टेबलावर बसून ते हाताने माहितीपुस्तिका लिहू लागले. एका इस्त्रीच्या पुस्तिकेत त्यांनी सूचना घातली, 'दिवा लागेपर्यंत थांबावे. थांबण्याचा कंटाळा आल्यास पुन्हा थांबावे.' ती तशीच छापली गेली असं म्हणतात.

माझी मात्र चांदी. पण खरं सांगतो, मधल्या काळात हात दुखायला लागले. पंधराव्या दिवशी सुई बोटात घुसली आणि दोन दिवस शिलाई बंद पडली. ग्रंथपाल बाई चौकशीला आल्या, त्यांनी उरलेली पुस्तकं मोजली आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणला. ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. त्या दिवसापासून बायको शिलाईला बसली. ती म्हणाली, "मी आयुष्यभर तुमच्या शर्टांना बटणं लावली. पुस्तकं तरी ढेकर देत नाहीत." आणि टाके असे घातले बाईने, की मी चाळीस वर्षं कोणाला शिकवत बसलो होतो असं झालं.

बाविसाव्या दिवशी संध्याकाळी एकशे चाळिसावं पुस्तक शिकंज्यातून निघालं. तेविसाव्या दिवशी सकाळी हातगाडीवरून सगळी ग्रंथालयात गेली. कमिटीतल्या एका गृहस्थांनी एक पुस्तक उघडलं, मधलं पान दोन बोटांत धरलं आणि ओढलं. पान आलं नाही. त्यांनी उभं राहून ओढलं. बाई म्हणाल्या, "पाय लावून बघा हवं तर." पुढचं सगळं काम माझ्याकडे आलं, आणि त्यातली पहिली तीनशे पुस्तकं दोन दिवसांत घरी पोचवतो म्हणाले.

म्हणजे आता खोली महिनाभरासाठी नव्हे, कायमची हवी होती. आणि आत माझी खेळी अजून चालूच होती. बटण दाबलं तर तटापलीकडून काय येईल देव जाणे. नाही दाबलं तर मेहुणा माझ्या बाहेरच्या खोलीत म्हातारा होणार. मी दार लावून पडद्यासमोर बसलो आणि या वेळी खरोखरच त्या खेळाचा विचार करू लागलो.

तेवढ्यात जिन्यात धाडधाड पावलं वाजली. भूगोल मास्तर. धापा टाकत.

"आला! राजे, आला! पाचवा आला!"

बाहेर एक खुर्ची पडली. मग मास्तरच पुढे म्हणाले, "माझ्या मशीनवर घातलाय. चालतो. माझ्याकडे खोली रिकामी आहे. बायको माहेरी आहे. चला ना!"

दाराशी पावलं आली. मी उघडलं. राजे उभे होते, डोळ्यांवर टॉवेल. वरून हात धरलेला.

"दाजी, पाचवा आला."

"ऐकलं. जा ना मग. करार तोच होता."

"कसा जाऊ? युद्ध चालू आहे. शत्रू मैदानात उभा असताना पाठ फिरवून जायचं? तुम्ही बटण दाबा. मी माझी खेळी करतो, एकदाचा निकाल लागू दे, मग जातो."

"आणि तू जिंकलास तर? खोली कायमची तुझी."

"हो. ठरलंय तसं."

"मग मी कशाला दाबू? मला अजून विचार करायचाय."

"किती?"

"एकशे चाळीस पुस्तकांना तेवीस दिवस लागले. आता तीनशे येतायत. तू हुशार आहेस, तूच सांग."

टॉवेलच्या खाली त्याचे ओठ हलले. सात वर्षं तो कंपनीच्या तारखेची वाट बघत बसला होता, मजेत बसला होता. पण तेव्हा हाताशी चार जुने भाग होते. आता नवा चार गल्ल्या पलीकडे वाजतोय आणि हा टॉवेल बांधून माझ्या दारात. मास्तर मागून म्हणाले, "राजे, पहिल्या तासात राजधानी निवडायची असते हो. चांगल्या जागा जातील."

राजांनी एक मोठा श्वास घेतला.

"हरलो," ते म्हणाले.

"काय?"

"मी हरलो, दाजी. खोली तुमची. शरणागती."

"लिहून दे."

टॉवेल न काढता त्याने लिहून दिलं. ओळ कागदावरून उतरून दाराच्या चौकटीवर गेली. सही चौकटीवरच आहे, अजून पुसलेली नाही. मग कपड्यांची पेटी, ते चार जुने भाग आणि पुस्तिका घेऊन तो गेला. कॉम्प्युटर ठेवून गेला. "मास्तरांकडे नवा आहे. हा तुम्हाला राहू दे. तुम्ही फार मोठे खेळाडू आहात." जिन्यात जाईपर्यंत टॉवेल तसाच होता, मास्तरांनी त्याला हाताला धरून खाली नेलं. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि लगेच तिने सोफ्यावर पाय पसरले.

मी खोलीत आलो. आता शत्रूच नव्हता, म्हणजे नियमही उरला नव्हता. त्या काळ्या अंधारात काय होतं, किती हत्ती, किती तोफा, ज्यांच्या धाकाने मी तेवीस दिवस सोळा घोडेस्वारांवर ब्रश वाळत घातला, ते बघायचंच होतं. मी 'खेळी समाप्त' दाबलं. पडदा बदलला. राजांचं राज्य उघडं पडलं.

तट होता. तिपदरी. आतला तट बाहेरच्याहून उंच, आणि सगळ्यांत आतला त्याहून उंच. सात वर्षांच्या तपश्चर्येचं सगळं धन त्या दगडांत घातलेलं. आणि आत? एक विहीर. एक झोपडी. सैनिक शून्य. हत्ती शून्य. तिन्ही तटांना दरवाजे ठेवलेले होते, पण राखायला माणूस नव्हता. पहिल्याच दिवशी माझे सोळा घोडेस्वार नुसते रमतगमत आत गेले असते, तर दुपारच्या जेवणाआधी खोली माझी झाली असती.

बायको मागे येऊन उभी राहिली होती. "म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "पहिल्याच दिवशी गेला असता तो?"

मी ब्रश उचलून पुसायला लागलो.

"आणि मी तेवीस दिवस त्याला डोळे बांधून घरभर फिरवला?"

"थांब, तिथे काहीतरी हलतंय," मी विषय बदलायला म्हणालो. झोपडीशेजारी खरंच एक प्राणी होता. या भागात प्राण्यांना नावं देता येतात, हे मला पुस्तिकेतून माहीत होतं. मी जवळ नेऊन बघितलं. गाढव होतं. दावणीला बांधलेलं, आणि पाठीवर चिठ्ठीएवढ्या पाटीत त्याचं नाव.

दाजी.

मी पटकन पडद्यावर हात ठेवला, पण तिने वाचलं होतं. ती इतकी हसली की तिला शिकंज्याचा आधार घ्यावा लागला. डोळे पुसले, परत बघितलं, परत हसली. मग पदर सारखा करून गंभीर झाली.

"नुसते बघत काय बसलात?" ती म्हणाली. "चारा टाका त्याला. तेवीस दिवस तुमच्या खेळीची वाट बघत उपाशी उभं आहे बिचारं."